एकशे अठ्ठेचाळिसावी रेघ

"मग आता पुन्हा एकपासून मोजायचं का?"

"काय?"

"दिवस, बुवा."

रतनगीर बुवा राखेनं पितळी पेला घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचे दिवस?"

महारुद्रला हे नवीन नव्हतं. बुवांना ठाऊक असतं आणि तरी ते विचारतात, ही त्यांची जुनी खोड. समोरच्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत.

"न खेळल्याचे."

"हां..." बुवा म्हणाले, आणि पेला उलटा करून त्याचं बूड घासायला लागले.

घाटमाथ्यावर एसटी थांबते तिथं चिंचेखाली बुवांची पाणपोई आहे. जुन्या समाधीचा ओटा, त्यामागं चुन्यानं रंगवलेली भिंत, भिंतीशी तीन रांजण. पाणी खालच्या बारवेतून आणायचं. पायऱ्या बावन्न. ही मोजदाद बुवांची नव्हे, महारुद्रची. तीस वर्षं पाणी भरून बुवांना पायऱ्या किती ते माहीत नव्हतं, आणि ह्यानं पहिल्याच दिवशी मोजल्या.

तो इथं कसा आला तेही सांगायला हवं. त्यात त्याची लाज आहे, आणि थोडं हसूही.

महारुद्र शिंपी. हात सरळ, पण मटक्याच्या नादी लागलेला. खालच्या गावांत अशी बोलवा होती की रतनगीर बुवांच्या तोंडून आकडा निघतो. बुवा आकडा कधीच देत नसत. आकडा मागणाऱ्यावर ते चिडायचे. पण ज्याला आकडाच हवा त्याला चिडण्यातही तो सापडतो. बुवांनी कुणाला 'गाढवा' म्हटलं, की ती मंडळी अक्षरं मोजून तिरी, म्हणजे तीनचा आकडा, लावायची.

महारुद्र आला तेव्हा बुवांनी शिवी दिली नाही. हातात रिकामी बादली दिली.

"आधी पाणी आण," एवढंच म्हणाले.

महारुद्रनं बादलीकडं बघितलं. तोंड गोल. त्याला शून्य दिसलं. बादली तिथंच ठेवून तो घाट उतरला आणि त्यानं शून्य लावलं.

गेलं.

दुसऱ्या दिवशी तो भांडायला आला. बुवांनी पुन्हा बादली पुढं केली. त्या दिवशी त्याच्याकडं लावायला काही उरलं नव्हतं म्हणून म्हणा, पण त्यानं पाणी आणलं. संध्याकाळपर्यंत आणत राहिला. मग इथंच राहिला.

उरलं नव्हतं ते असं. गावातल्या शाळेच्या बावीस पोरांचं गणवेशाचं कापड त्याच्याकडं शिवायला आलं होतं. ते त्यानं विकलं. पंधरा ऑगस्टला बावीस पोरं आखूड, विटक्या कपड्यांत झेंड्यापुढं उभी राहिली. त्याची बायको वैजयंता त्याच शाळेत खिचडी शिजवते. त्या दिवसापासून रोज दुपारी त्या बावीस ताटांत तिला वाढावं लागलं. ती घरी येऊन भांडली नाही. जेवायची बंद झाली. तेव्हा महारुद्रनं घर सोडलं.

पाणपोईवर आल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं चुलीतला कोळसा घेतला आणि रांजणामागच्या भिंतीवर एक रेघ मारली. मग रोज एक. चार उभ्या, पाचवी आडवी. बुवांनी त्या रेघांकडं कधी बघितलं नाही. आल्यागेल्याला मात्र महारुद्र दाखवायचा. कुणी आकडा मागायला आलं तर बुवांच्या आधी हाच पुढं व्हायचा आणि भिंतीकडं बोट करायचा. "शंभर दिवस झाले, आकड्याला शिवलो न्हाई मी." त्याचा आवाज त्या वेळी जरा चढायचा.

आज वैजयंता येणार होती. अकराच्या गाडीनं.

आठवड्यापूर्वी तिनं फोनवर सांगितलं होतं, "रेघा मी माझ्या बोटानं मोजीन. नीट भरल्या तर चला घरी." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, "मशिनीला तेल घालून ठेवलंय."

ते तेलाचं वाक्य महारुद्र आठवडाभर मनात घोळवत होता.

"आजची रेघ मारलीस का?" बुवांनी विचारलं.

"मारली."

"मग एकपासून कशाला?"

महारुद्रनं टोपी चाचपली. मग खाली बघितलं.

"काल तुम्ही चहापत्ती आणायला खाली धाडलं व्हतं..."

"आणलीस की."

"दहा रुपये उरले व्हते."

बुवांचा हात थांबला.

"लागला, बुवा."

बुवांनी त्याच्या पायांकडं बघितलं. आधी उजव्या, मग डाव्या.

"कुठं लागलं?"

"तसं न्हाई. आकडा लागला."

"हां. मला वाटलं पायरीवरून घसरलास का काय."

पेला पुन्हा फिरायला लागला. पौषातलं ऊन चिंचेतून ओट्यावर उतरलं होतं.

"कोणता?"

"काय?"

"आकडा. मी काल तुला कायतरी बोललो असंन. का शिवी दिली व्हती?"

"तुमचा न्हाई, बुवा."

"मग कुणाचा?"

महारुद्रनं भिंतीकडं बघितलं. बुवांचा पेला घासून झाला.

"काल सकाळी रेघ मारली. एकशे सत्तेचाळीस झाल्या. दिवसभर डोळ्यांपुढं तेच. एक, चार, सात. चढत्या पायरीनं. दिसायला... लई देखणा आकडा व्हता, बुवा."

न खेळल्याचे दिवस त्यानं खेळले होते.

बुवांच्या खांद्यांना हिसका बसला. हसले की खोकले, ते कळलं नाही.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. त्यानं रांजणात ओगराळं घातलं, आत खरखर आवाज झाला. दुसऱ्यात घातलं. मग ओगराळं होतं तिथं टांगून, एक शब्द न बोलता, गाडीला किक मारून तो निघून गेला.

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. महारुद्रचं लक्ष नव्हतं.

"चिठ्ठी कुठाय?"

"टोपीत."

"लागला हे कळलं कवा?"

"आज. दुधाच्या गाडीवाल्यानं हाळी दिली."

"आणि रेघ? त्याच्या आधी मारलीस का मागनं?"

"...आधी. उठल्या उठल्या."

"म्हंजी काल खेळलास, आज रेघ मारलीस."

"हो."

"लागला नसता तर मला सांगितलं असतंस?"

चिंचेवर एक साळुंकी ओरडली. दुसरी ओरडली. महारुद्रचे कान लाल झाले होते. खोटं बोलण्याची त्याला सवय होती आणि या क्षणी तरी ते बोलावं असं त्याला फार वाटलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"हं..."

"हरलो असतो तर पचवलं असतं, बुवा. दहा रुपयं काय. दुसऱ्या दिवशी रेघ मारली असती अन् वैजूला दाखवली असती. पण लागला, अन् मला भ्या वाटलं. सकाळपासून मला..."

"काय?"

"एकशे अठ्ठेचाळीस दिसायलंय."

ते बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की स्वतःलाच नीट ऐकू आला नसेल.

बुवा पेला उन्हात धरून बघत होते. पेला चकचकीत झाला होता. त्यात काही नव्हतं.

"इतके दिस त्या रेघांवर निभलं," महारुद्र म्हणाला. "सकाळी उठलं की एक रेघ मारायला मिळंल, तेवढ्यासाठी दिवस काढायचा. तीच उमेद व्हती. आता त्या रेघाच नासल्या. उद्या सकाळी उठून काय करू मी? उमेद कुठून आणू?"

"पाणी किती आणलंस रे?"

"आं?"

"इतक्या दिवसांत. बादल्या किती झाल्या?"

"ते... मोजलं न्हाई."

"पायऱ्या मोजल्यास. दिवस मोजलेस. पाणी न्हाई मोजलंस?"

"पाणी कोण मोजतं, बुवा?"

"बरं झालं," बुवा म्हणाले. "न्हाईतर तेबी लावलं असतंस."

महारुद्रनं मान खाली घातली. त्याला यातलं थोडं कळलं असावं, पण उमेदीचं उत्तर काही त्याच्या हाती लागलं नाही. रोज सकाळी बादली उचलताना, किती खेपा करायच्या म्हणून तो विचारायचा, "बुवा, किती?" आणि बुवांनी त्याला एकदाही आकडा सांगितला नव्हता. सोपी गोष्ट कधी सांगतच नाहीत, असं त्याला आत्ताही वाटलं, आणि गुरूबद्दल असं वाटावं याचीही लाज वाटली. त्या सकाळी त्याला कशाकशाची लाज वाटत होती याची यादी केली असती तर भिंत पुरली नसती.

"पुसून टाकू का सगळ्या?"

"तुझ्या रेघा."

"शेवटची तरी पुसतो."

"तुझी रेघ."

"तुम्ही सांगा ना कायतरी..."

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

महारुद्र उठला. भिंतीपर्यंत गेला. शेवटच्या रेघेवर अंगठा ठेवला. आणि तो अंगठा तसाच उचलून परत आला. पुसली असती तर डाग दिसला असता.

गाडीतून वैजयंता एकटीच उतरली. पदर तोंडाशी धरलेला. घाटाची वळणं तिला सोसत नाहीत. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी चालणं घाईचं होतं. तिनं बुवांच्या पाया पडून पिशवी ओट्यावर ठेवली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. सरळ भिंतीकडं गेली.

"पाच... धा... पंधरा..."

कोळशाला बोट लागू नये म्हणून ती वीतभर अंतरावरून मोजत होती. मध्ये एकदा चुकली आणि मागं येऊन पुन्हा धरलं. महारुद्र तिच्या मागं उभा होता. तिच्या मानेवरचा घाम त्याला दिसत होता. ब्लाउजच्या खांद्यावर शिवण उसवली होती आणि ती कुणीतरी जाड दोऱ्यानं टाचली होती. शिंप्याच्या बायकोची शिवण. त्यानं नजर काढून घेतली.

"एकशे पंचेचाळीस... सेहेचाळीस, सत्तेचाळीस..." ती थांबली. "अठ्ठेचाळीस."

तिनं श्वास सोडला. वळली. हसली नाही, पण कपाळावरची आठी गेली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याकडं सरळ बघत होती.

पिशवीतून तिनं इस्त्रीचा सदरा काढला.

"हा घाला. एकच्या गाडीनं निघू."

महारुद्रनं बुवांकडं बघितलं. बुवांनी खाकरावं, बोलावं, निदान बघावं तरी. बुवा पेल्याचा काठ धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्यांच्यापुरतं जगात दुसरं काही चाललेलं नव्हतं.

सदरा तिच्या हातात तसाच होता. त्यानं हात पुढं केला. मग तो हात मागं घेऊन टोपी काढली.

"वैजू, शेवटची खोटी हाय."

"काय खोटी?"

"रेघ."

तिला कळलं नाही. तिनं भिंतीकडं बघितलं, जणू खोटी रेघ वेगळी दिसेल. त्यानं टोपीतली घडी काढून तिच्या हातात दिली. तिनं उघडली. कागदावर बॉलपेननं तीन आकडे लिहिले होते. ती ते बराच वेळ वाचत राहिली. मग पुन्हा भिंतीकडं बघितलं. मग कागदाकडं.

"हा... ह्यो हितलाच आकडा हाय?"

"हो."

"ह्या रेघांचा?"

"हो."

"कवा?"

"काल."

"लागला?"

त्यानं नुसती मान डोलावली.

वैजयंतानं डोळे मिटले. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं कागद पुन्हा त्याच घडीवर दुमडला आणि त्याच्यापुढं धरला.

"घ्या."

"तूच फाड."

"मी कामून फाडू? माझी न्हाई ती."

त्यानं चिठ्ठी घेतली. ओट्याच्या कडेला बुवांच्या चहाची चूल धुमसत होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं चिठ्ठी आत सरकवली. कागद आधी पिवळा झाला, मग काळा, मग वळून उभा राहिला. तो जळत असताना किती मिळाले असते याचा हिशेब महारुद्रच्या मनात आपोआप होऊन गेला. रुपयापर्यंत. त्यानं चुलीकडं बघत मनातल्या मनात स्वतःला बुवांची शिवी दिली, आणि तिचीही अक्षरं मोजली गेली.

तो उठून आला तेव्हा वैजयंता ओट्यावर बसली होती. सदरा मांडीवर घेऊन इस्त्रीच्या घडीवर परत घडी घालत होती. पिशवीत ठेवत नव्हती, त्यालाही देत नव्हती.

"पोरं इचारतेत," ती सदऱ्याकडं बघत म्हणाली. "शिंपीमामा कवा येणार म्हणून. कापडाचं न्हाई इचारत कुणी. तुमचंच इचारतेत."

महारुद्र उभाच राहिला. बसावं असं त्याला वाटलं नाही.

"काय सांगू त्यांना?"

तिनं सदऱ्याची बाही सरळ केली.

"रेघ खोटी म्हणून मला कुणी सांगितलं असतं?"

"कुणीच न्हाई."

"मग कामून सांगितलं?"

सांगण्यासारखं काही त्याच्याकडं नव्हतं. नुसतं सांगून टाकलं होतं.

तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला.

"घसा सुकलाय माझा," ती म्हणाली. "पाणी द्या."

एवढं तरी आपल्या हातून होईल, असं वाटून महारुद्र धावला. ओगराळं काढून त्यानं पहिल्या रांजणात घातलं.

खरखर.

दुसऱ्यात.

खरखर.

तिसरा नवा होता, कालपर्यंत पाणी पीतच होता. त्यात त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. बुडाची माती हाताला लागली, गार आणि कोरडी.

सकाळपासून त्यानं एक बादली आणली नव्हती. पाच महिन्यांत पहिल्यांदा. उठल्या उठल्या रेघ मारली होती, मग चिठ्ठी लपवायची कशी याचा विचार केला होता, मग सांगायचं कसं याचा. एक का एकशे अठ्ठेचाळीस, याचाच घोळ घालत ऊन डोक्यावर आलं होतं. किती माणसं ओगराळं खरवडून कोरड्या तोंडानं घाट उतरली असतील, त्याला ठाऊक नव्हतं.

चिठ्ठीची लाज त्याला सकाळपासून वाटत होती. ही निराळी होती. तिच्यात त्याला स्वतःकडं बघायलाही सवड नव्हती.

तो वळला तेव्हा बुवा उठून उभे होते. घासलेला पेला त्यांनी वैजयंताच्या पुढ्यात ठेवला होता, रिकामाच. आणि दुसऱ्या हातात बादली धरली होती.

महारुद्रनं ती घेतली. गोल तोंड, आत काही नाही. तो पायऱ्यांकडं निघाला.

पहिल्या पायरीवर, रोजच्या सवयीनं, तो थांबला आणि मागं वळला.

"बुवा, किती?"

"तिला तहान लागलीय, रुद्रा."